प्रतिसाद: मूसचा टॅग लागलाय, पण...
अभिनंदन! कोलोराडोत मूस, म्हणजे ते भलंमोठं हरीण, मारायचा टॅग (सोडतीत मिळणारा शिकारीचा परवाना) एवढी वर्षं थांबून लागतो, पण तुम्ही म्हणताय की रस्त्यापासून जमेल तितकं आत जाणार, ते जरा आवरा राव. शिरास मूसचा (तिकडच्या मूसच्या पोटजातीचा) मोठा नर ४०० किलोच्या आसपास जातो, पडला की सगळं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणायचंय, तेव्हा तीन-चार मित्र आधीच पटवून ठेवा. स्काउटिंगला (शिकारीआधी जनावर हेरायला) ओढ्याकाठची विलोची झुडपं अन् बीव्हरनं बांध घालून केलेली तळी धरा, उजाडायच्या आत समोरच्या उतारावर दुर्बीण घेऊन बसा. सप्टेंबर अखेरीस माजावर आलेला नर खुराने खड्डा उकरून त्यात मुततो, असला ओला, उग्र वासाचा खड्डा दिसला की तिथून हलू नका. आणि कातडी लगेच सोला, फोटो नंतर, मांस गरमच राहिलं तर खराब होतं.