ल्युसिन वाढलंय, मग पुन्हा रक्त कशाला?

ताई, नवजात बाळाच्या तपासणीत टाचेच्या रक्ताच्या थेंबात ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त आलं, तर पुन्हा शिरेतून रक्त कशाला, असं तुम्ही विचारलंय. खरी मेख इथे आहे. थेंब तपासणारं टँडेम मास हे यंत्र रेणू वस्तुमानावरून ओळखतं. ल्युसिन, आयसोल्युसिन, ॲलोआयसोल्युसिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचं वस्तुमान जवळपास सारखंच, 131. त्यामुळे चौघांचा मिळून एकच आकडा येतो. मेपल सिरप युरिन आजाराचा (यात ल्युसिनसारखी अमिनो आम्लं शरीरात नीट मोडली जात नाहीत) पक्का पुरावा मात्र वाढलेलं ॲलोआयसोल्युसिन. ते वेगळं काढायला कॉलम, म्हणजे अमिनो आम्लं एकमेकांपासून वेगळी करणारी भरलेली नळी, लागतोच.

मूर, स्टाइन आणि स्पॅकमन या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये हे काम स्वयंचलित केलं. कॉलममधून सोडलेल्या लिथियम बफर द्रावणाचा पीएच (आम्लता) टप्प्याटप्प्याने बदलत नेला की एकेक अमिनो आम्ल आपापल्या वेळेला बाहेर पडतं. पुढे निनहायड्रिन हे रंग आणणारं रसायन मिसळून गरम केलं की जांभळा रंग येतो, तो 570 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन तेवढी पिवळी, म्हणून त्यांना 440. वेळखाऊ आहे, पण माझा भरवसा यावरच.

आपल्या कोल्हापुरातून नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर इथेच जपा. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) हिरव्या टोपणाच्या नळीतला प्लाझ्मा, म्हणजे पेशींवेगळा रक्तद्रव, लगेच वेगळा करून गोठवायला सांगा. प्लाझ्मा लालसर दिसला तर पेशी फुटल्यात. त्यांतलं आर्जिनेज हे विकर आर्जिनिन या अमिनो आम्लाचं ऑर्निथिन करून टाकतं, म्हणजे आकडे चुकतात. नमुना बाहेर राहिला तर ग्लुटामिन घटून ग्लुटामेट वाढतं.

आणि बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर रिपोर्टची वाट बघू नका, आत्ताच डॉक्टरांना गाठा.