निळूभाऊंचा कोणता सिनेमा लावू?

धानाच्या बांधीतून
राम राम मंडळी. मी सिंदेवाहीकडचा. यंदा मंडईले (आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेले) नाटक नाही, कंपनीची तारीखच भेटली नाही. मंग ठरवलं, शाळेच्या ओट्यावर पडदा बांधून निळू फुलेंचा एक सिनेमा लावू. प्रोजेक्टर आहे, स्पीकर डीजेवाला पोट्टा देते.

अडचण अशी, की पोट्ट्यांना निळूभाऊ म्हणजे मोबाईलवरचं "बाई वाड्यावर या" एवढंच. अन् आजी म्हणते, "त्या मेल्याचं तोंड पाहाले मी नाही येत." तिले तो खरंच तसा माणूस वाटते! दोघांचाही समज निघाला पाहिजे. कोणता लावू?

पुस्तकी किडा
'सिंहासन', १९७९. त्यात ते पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. खलनायकी औषधालाही नाही.

जुना पडदावाला
'सिंहासन' नको गा. सिनेमा झकास, पण मंत्री, युनियन, फोनाफोनी... अर्ध्या तासात बाया सतरंज्या गुंडाळतीन.

'सामना' लाव. मी टुरिंग टॉकीजमध्ये रिळं बदलायचो, भंडाऱ्याकडं. निळूभाऊ पडद्यावर आला की बायांच्या बाजूनं बोटं मोडल्याचा आवाज यायचा, मशीनच्या खडखडाटातही ऐकू यायचा. पण 'सामना'त तंबू गप्प. हिंदुराव, म्हणजे निळूभाऊनं केलेला साखर कारखान्याचा चेअरमन, कुठं ओरडतच नाही ना! दारुड्या मास्तरले (डॉ. लागू) घरी आणून ठेवते, खाऊपिऊ घालते. अन् मास्तर एकच धरून बसते, "मारुती कांबळेचं काय झालं?" तवा निळूभाऊचे डोळे पाहाजो. आवाज तसाच गोड, नुसती नजर बदलते.

आमच्या लोकांनी साखर कारखान्याचा चेअरमन कधी पाहिला होता? तरी मागून एक म्हातारा बोलला, "हा तं आमचा मालगुजारच होय." (मालगुजार म्हणजे आमच्याकडचा जुना जमीनदार.) तिथं मी रीळ लावायचं विसरलो, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. हाच सिनेमा १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला होता, पण त्या म्हाताऱ्याचं वाक्य मले जास्त वाटते.

वडश्याचा व्हिलन
पडदावाले काका, हाव. मी झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत चौदा सीझन व्हिलनच करतो. एका गावात प्रयोगानंतर जेवाले बसलो, तं हिरोच्या ताटात वरण घट्ट अन् माझ्या ताटात नुसतं पाणी! वाढणारी बाई माझ्याकडं पाहेसुद्धा ना. मले तं बक्षीसच वाटलं.

आजीले एवढंच सांगा: सिनेमात येण्याआधी हा माणूस पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजात माळी होता. राष्ट्र सेवा दलातला. 'एक गाव बारा भानगडी' १९६८ चा, तवा कुठं पडद्यावर आला. पुढं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही होता. मात्र 'सखाराम बाईंडर' या त्याच्या वादग्रस्त नाटकाचं नाव आजीसमोर काढू नका, पहिलेच सांगून ठेवतो.

धानाच्या बांधीतून
सांगितलं. आजी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं अन् म्हणे, "माळी होता? मंग तो वाडा कोणाचा होता?"

'सामना' पक्का. आजीची खुर्ची पुढं लावतो, स्पीकरपासून जराशी दूर.