कायम म्हणजे नेमकं कधीपासून?
'एकदा जिल्हा परिषदेत चिकटला की मास्तरला कोणी हात लावत नाही' असं सर्रास म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, काढायची. प्राथमिकला मानधन महिना ६,००० होतं, २०२३ मध्ये कुठे १६,००० झालं. (सहा हजारांत खोलीभाडं आणि पेट्रोल भागवून दाखवा!) कायम झाल्यावरही शाळेचा पट (विद्यार्थीसंख्या) घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, 'अतिरिक्त', मग समायोजन (दुसऱ्या शाळेत नेमणूक) कुठल्या गावात ते नशीब. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सक्तीची केली. कामचुकार सुटतात, हे मात्र मान्य. पण विभागीय चौकशीची तरतूद आहेच की, ती वापरायची कुणी?