स्तब्ध उभा असलेला चोर ट्रेमरसेन्सला सापडतो का?

वीसपैलू (मूळ धागा)

गेल्या रविवारी चुनाभट्टीला आमच्या घरी डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) डाव झाला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियमांचे निर्णय देणारा, मी होतो. मी दिलेल्या एका निर्णयावरून मित्रांत अबोला धरला गेलाय, म्हणून इथे मांडतोय.

प्रसंग असा: पडक्या देवळाचं मातीचं अंगण, मधोमध वड. अंगणाखाली बुले, म्हणजे जमीन पोखरत फिरणारं, पाठीवर चिलखत असलेलं जनावर. जमिनीखाली असताना त्याचे डोळे निरुपयोगी, पण ६० फुटांपर्यंत ट्रेमरसेन्स, म्हणजे जमिनीतल्या कंपनांवरून जागा हेरायची ताकद, आहे. फायटर आणि चोर ही खेळाडूंची दोन्ही पात्रं त्या टप्प्यात होती. चोराचा खेळाडू म्हणाला, "मी जागचा हलत नाही." फायटर तलवार उपसून वडाकडे धावला. मी ठरवलं की बुलेला चोर कळलाच नाही. ते फायटरखाली वर आलं. त्याच्या एका चाव्याला ४ बारापैलू फासे अधिक ४. फायटर आडवा झाला, डेथ सेव्हचे (मरता मरता वाचायचे) तीन फासे फसले आणि तो मेला.

आम्ही खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीची नियमपुस्तकं वापरतो. त्यात लिहिलंय की ट्रेमरसेन्स असलेला प्राणी कंपनांचा उगम अचूक हेरतो. दोघेही एकाच जमिनीला किंवा पदार्थाला टेकलेले हवेत, आणि उडणारा त्याला कळत नाही. म्हणजे पकडायची ती कंपनं. जो हलत नाही त्याची कंपनं कुठली?

आमच्या घरामागून हार्बरचे रूळ जातात. गाडीचा आवाज यायच्या आधी काचेच्या कपाटातल्या वाट्या किणकिणतात. सिग्नलला गाडी थांबली की वाट्या गप्प. गाडी तिथेच असते, वाट्यांना मात्र तिचा पत्ता नसतो. ट्रेमरसेन्स म्हणजे माझ्या लेखी त्या वाट्या. कुठलीही विशेष संवेदना म्हणजे दुसरे डोळे नव्हेत. ब्लाइंडसाइटलाही (डोळ्यांशिवाय आजूबाजूचं जाणण्याची ताकद) मी हाच न्याय लावतो: कुठे आहे ते कळेल, कोण आहे ते नाही.

नियमावली

पूर्ण असहमत. २०२४ च्या आवृत्तीत हा गोंधळ लेखकांनीच मिटवलाय. तिथे ट्रेमरसेन्सला दोन गोष्टींची जागा कळते: जीव, आणि हलणाऱ्या वस्तू. "हलणाऱ्या" ही अट फक्त वस्तूंना आहे. जीव जमिनीला टेकलेला असला की सापडला, मग तो पुतळ्यासारखा उभा राहो. तुमचा चोर श्वास घेत होता, तोल सावरत होता. माणूस कधीच पूर्ण स्तब्ध नसतो.

ब्लाइंडसाइटबद्दलही तुमचं चुकतंय. नव्या मजकुराप्रमाणे त्या टप्प्यात पूर्ण आडोशामागे नसलेलं सगळं "दिसतं", अदृश्य झालेलासुद्धा. ट्रेमरसेन्सला मात्र ते "पाहणं" मानत नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. दोन संवेदना, दोन वेगळे नियम. तुम्ही दोन्हींना एकाच वाटीत घालताय.

वीसपैलू

आम्ही २०१४ वर खेळतो हे वर लिहिलंय. त्यात हेरायचा तो "जीव" नाही, "कंपनांचा उगम" आहे. नंतरच्या पुस्तकाने आधीच्या डावाचा न्याय कसा करायचा?

जुना खेळाडू, मुलुंड

मी जास्त जुन्या पुस्तकांवर शिकलो, म्हणून एक इशारा. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीत इन्फ्राव्हिजन होतं. एल्फ आणि ड्वॉर्फ यांना अंधारात उष्णता दिसायची. कल्पना सुंदर, पण दर डावाला वाद. झॉम्बी थंड, मग तो दिसणार का? मशाल पेटली की नजर दिपणार का? माणूस उठून गेल्यावर बाक किती वेळ गरम राहील? एकदा या बाकावर आमचे पाऊण तास गेले, आणि त्या खोलीत मॉन्स्टर नव्हताच. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने उष्णतेची भानगड काढून डार्कव्हिजन आणलं: ६० फूट, काळंपांढरं दिसतं, विषय संपला. मला त्या वेळी वाईट वाटलं होतं. पण त्यानंतर आमचे डाव वेळेत संपायला लागले हेही खरं. वीसपैलू, तुमच्या वाट्या उद्या तुम्हालाच अडचणीत आणतील.

पांढरी काठी

मी जन्मापासून अंध आहे आणि चार वर्षं चेटकीण खेळते. फासे मी टाकते, शेजारी बसलेली मैत्रीण आकडा वाचते. मला दोन गोष्टी सांगायच्यात, आणि त्या एकाच बाजूच्या नाहीत.

दादरच्या पुलावर चालणाऱ्या माणसाला मी क्वचितच धडकते. पायांची थाप, कपड्यांची सळसळ, पायाखालचा पूल, सगळं सांगत असतं. मी धडकते ती मोबाईल बघत मध्येच थांबलेल्या माणसाला. तो श्वास घेत असतो, तोल सावरत असतो, तरी गर्दीत मला तो नसल्यासारखाच असतो. त्यामुळे बुलेला चोर कळला नाही, हे मला पटतं.

पण "कुठे आहे ते कळेल, कोण आहे ते नाही" हे वाक्य मला लागलं. माझी बहीण जिना चढायला लागली की पहिल्याच पायरीला मला ती कळते, तिचा डावा पाय किंचित घासतो म्हणून. रंग, अक्षरं, भिंतीवरचं चित्र यातलं मला काही कळत नाही. ब्लाइंडसाइटच्या मॉन्स्टरला चिठ्ठी वाचता येणार नाही म्हणा, मी मान्य करेन. त्याला माणूस ओळखता येणार नाही, हे तुम्ही डोळे मिटून अंदाज बांधल्यासारखं आहे.

वीसपैलू

हे मी मागे घेतो. खरंच विचार केला नव्हता. चिठ्ठीचा निकष पुढच्या डावापासून लागू.

नियमावली

पांढरी काठी, तुमचा अनुभव माणसाचा आहे. बुले आयुष्यभर मातीत राहणारं जनावर आहे, त्याची ताकद पुस्तक ठरवणार, दादरचा पूल नाही.

पांढरी काठी

पुस्तकात "कंपन" हा शब्द आहे ना? मग कंपन म्हणजे काय, हे कुणीतरी अनुभवानेच सांगणार.

फायटर माझा होता

मीच तो अबोला धरलेला. वीसपैलू, अरे, चोर सापडला की नाही याच्याशी माझं भांडण नाहीच. पाच महिने खेळवलेलं कॅरेक्टर होतं. माझा फायटर खाणीत वाढलेला, हे कॅरेक्टर शीटवर तूच लिहायला लावलंस. जमिनीखालचं जनावर पावलांवर येतं, हे त्याला माहीत नसणार? तू बोलला असतास तर मीही जागचा हललो नसतो. नियम तुझ्या डोक्यात होता आणि मला तो कळला फासे पडल्यावर. चोराच्या खेळाडूने नुसता अंदाज केला आणि तो वाचला. नियमावली म्हणतोय ते मला पटत नाही, पण छापील नियम असता तर मी तो आधी वाचला असता, एवढं त्याच्या बाजूने बोलतो.

जुना खेळाडू, मुलुंड

हा मुद्दा सगळ्यात वजनदार. डीएमने नियमाचा अर्थ लावावा, पण कॅरेक्टरला ठाऊक असलेलं खेळाडूला फासे टाकायच्या आधी सांगावं.

वीसपैलू

मान्य. "तुझ्या पायाखाली माती थरथरतेय, खाणीत असताना अशा वेळी म्हातारे पाय न उचलता उभे राहायचे," एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. ते सुचलं नाही, ही चूक माझी. रविवारी त्या फेरीपासून परत खेळू. फायटर अंगणाच्या कडेला, तलवार म्यानात. चोराचा निर्णय मात्र मी बदलणार नाही.

एक राहिलंच. आमच्या डावातलं तिसरं पात्र, चेटकी, तेव्हा वडाच्या पारंबीला लटकून होता, पाय अधांतरी. ती पारंबी खाली मातीत रुजलेली. तो झोके घेत होता. सापडणार का?

नियमावली

२०२४ प्रमाणे नाही. पारंबी आणि जमीन हे एकच पृष्ठभाग नव्हेत.

पांढरी काठी

लहानपणी सूरपारंब्या खेळताना मी खोडाला तळहात लावून उभी राहायचे. कोण कुठल्या फांदीवर आहे, ते बऱ्याचदा बरोबर सांगायचे.

फायटर माझा होता

रविवारी चार वाजता येतो. चेटक्याला आधी झाडावरून उतरवा.