वॉटरप्रूफ-ब्रीदेबल जॅकेट: २.५ लेयर घ्यावं की ३ लेयर?

वाटसरू:
पाठीवर १२-१५ किलोची सॅक, वाटेत काटेरी झुडपं आणि खडक, पाऊस सलग चार-पाच तास. दोन जॅकेटांवर येऊन थांबलोय. पहिलं २.५ लेयर, बाहेरचं कापड २० डेनियर, लेबलवर २०,०००/२०,०००, वजन २६० ग्रॅम. दुसरं ३ लेयर, ७० डेनियर, २०,०००/१५,०००, वजन ५२० ग्रॅम, काखेत झिप. आकड्यांत पहिलं सरस आणि वजनाला निम्मं. मग दुसरं कशासाठी घ्यायचं? आणखी एक, सध्याचं जॅकेट खांद्यावर आतून ओलं होतं. ते गळतंय की घाम आहे, कसं ओळखायचं?

कातळकडा:
दुसरं घ्या. लेबलवरचा पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो: कापडावर २० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तोही कोऱ्या कापडाचा. दुसरा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते. ती मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि पद्धत बदलली की त्याच कापडाचा आकडा कुठल्या कुठे जातो. त्यामुळे दोन कंपन्यांचे २०,००० आणि १५,००० शेजारी ठेवून काही कळत नाही. आरईटी (कापड वाफेला किती अडवतं, त्याचा आकडा) दिला असेल तर तो बघा. तो जितका कमी तितकं बरं. ६ च्या खाली उत्तम, २० च्या वर नुसता कोंडमारा.

खरा फरक आतल्या बाजूला आहे. २.५ लेयरमध्ये मेम्ब्रेनच्या (पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या पातळ पडद्याच्या) आत फक्त पातळ छापील थर असतो. तो उघड्या दंडाला चिकटतो, सॅकच्या पट्ट्याखाली घासला जातो, आणि घाम-तेल मुरलं की पापुद्रे सुटायला लागतात. ३ लेयरमध्ये आतून विणलेलं अस्तर चिकटवलेलं असतं, झीज ते सोसतं. आणि डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २० डेनियरला काटा लागला की टाचणीएवढं भोक पडतं. ते दिसत नाही, पाण्याला मात्र बरोबर सापडतं.

ओली_वाट:
गळती ओळखायची सोपी रीत: खांद्याचा भाग बाहेरची बाजू वर ठेवून पातेल्यावर खोलगट पसरा, त्यात तांब्याभर पाणी ओता, १५ मिनिटं थांबा आणि मग खालून कोरडा टिश्यू फिरवा. थेंब शिवणीच्या रेषेवरच असतील तर टेप (शिवणीची भोकं बंद करणारी आतली पट्टी) सुटलाय. शिवणीपासून दूर, विखुरलेले असतील तर मेम्ब्रेन गेलं. टिश्यू कोरडा राहिला तर तो घाम.

तो घाम का साठतो, तेही बघा. बाहेरच्या कापडावर पाण्याचे मणी न होता कापड गडद पडत असेल तर पाणी झटकणारं फिनिश (डीडब्ल्यूआर) झिजलंय. कापड भिजलं की वाफेला वाटच राहत नाही, आणि आपण म्हणतो जॅकेट गळतंय. उपाय: लिक्विड सोपनं धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, दोनदा खळबळा. लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर २० मिनिटं. उष्णतेनं फिनिश पुन्हा जागं होतं. तरीही मणी होत नसतील तर फवाऱ्याचं फिनिश मारा. फ्लोरिनविरहित नवी फिनिशं तेलानं लवकर मळतात, म्हणून ती जास्त वेळा धुवावी लागतात. "धुतलं की खराब होतं" हा समज जॅकेटाच्या मुळावर येतो.

कातळकडा:
त्यात भर. हवा उबदार आणि दमट असेल तर आत-बाहेर वाफेचा फरकच उरत नाही, आणि कितीही भारी मेम्ब्रेन असलं तरी हातावर हात ठेवून बसतं. तिथे काखेची झिपच कामाची. म्हणून ते जास्तीचे २६० ग्रॅम वाया जात नाहीत.

घालून बघताना सॅक चढवा आणि कमरेचा पट्टा आवळा. खिसे पट्ट्याखाली गेले तर निरुपयोगी. दोन्ही हात वर करा. खालची कड बेंबीपर्यंत सरकली तर माप चुकलं. हुड डोक्याबरोबर वळला पाहिजे, नाहीतर मान वळवली की डोळ्यासमोर आतलं कापड येतं. आणि सगळ्या शिवणींना टेप आहे ना, ते आतून बघा. काही जॅकेटांत फक्त खांदे आणि हुड टेप केलेले असतात.

वाटसरू:
पाणी ओतून पाहिलं. थेंब शिवणीवरच आहेत, टेप बोटभर उचललाय. इस्त्रीनं बसेल?

ओली_वाट:
बसू शकतो. आधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. वर सुती कापड ठेवा, इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर, वाफ बंद. पाच-सहा सेकंद दाबायचं, घासायचं नाही, आणि गार होईपर्यंत टेपावर सपाट वजन ठेवायचं. गोंदच मेला असेल तर टेप पुन्हा उचलेल. मग सुटलेला तुकडा कापून त्या शिवणीवर सीम सीलर (शिवण बंद करणारा पातळ गोंद) ब्रशनं पातळ लावा आणि रात्रभर राहू द्या. टेपाच्या आजूबाजूला पांढरे पापुद्रे दिसत असतील तर मात्र आतला थरच सुटतोय, सीलर वाया घालवू नका.