टिटोनंतरची फिरती खुर्ची: युगोस्लाव्हिया तिच्यामुळे फुटला की तिच्यामुळे अकरा वर्षं टिकला?

खडूफळा
मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी अलिप्ततावादी चळवळीची माहिती काढत बसलो होतो, नेहरू नासर टिटो वगैरे, आणि टिटोंनंतर युगोस्लाव्हियाच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसलं ते बघायला गेलो तर अकरा वर्षांत तेरा नावं निघाली, हंगामी धरलेच नाहीत. ४ मे १९८० ला टिटो लुब्लियानाच्या हॉस्पिटलात वारले, त्याच दिवशी मॅसेडोनियाचे लाझार कोलिशेव्हस्की अध्यक्ष झाले आणि अकराच दिवसांत उतरले, कारण १५ मे ला पाळी बदलायची होती. मग बोस्नियाचे मियातोविच एक वर्ष, मग स्लोव्हेनियाचे क्राइगर, मग सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो, व्हॉइव्होदिना, कोसोवो असं करत परत मॅसेडोनियापासून सुरू.

माझं स्पष्ट मत आहे की देश बुडाला तो या पद्धतीनं. सहा प्रजासत्ताकं, सर्बियातले दोन स्वायत्त प्रांत (कोसोवो आणि व्हॉइव्होदिना), प्रत्येकाचा एक माणूस अध्यक्षमंडळात आणि अध्यक्षपद दरवर्षी पुढच्याकडे. ज्याला माहितीय की पुढच्या मे मध्ये आपण खाली उतरणार तो कशाला कुणाशी वाईटपणा घेईल? वीसेक अब्ज डॉलरचं परदेशी कर्ज डोक्यावर, १९८१ मध्ये कोसोवोच्या राजधानीत, प्रिश्टिनात, विद्यार्थ्यांची आंदोलनं आणि आणीबाणी, १९८९ ला महागाई हजार टक्क्यांच्या वर, आणि या सगळ्याचा जाब विचारायचा तर कुणाला विचारायचा? जबाबदारी आठ जणांत वाटली की ती कुणाचीच राहत नाही. तुम्हाला काय वाटतं सांगा, मी हट्टानं बोलत नाहीये, मला खरंच कळून घ्यायचंय.

दगडी_पूल
साफ असहमत. तुम्ही खुर्ची मोजताय, पण सत्ता त्या खुर्चीत नव्हतीच. अध्यक्षमंडळ हे आठ जणांचं मंडळ होतं आणि त्या वर्षाचा अध्यक्ष म्हणजे बैठक चालवणारा आणि पाहुण्यांना हात मिळवणारा, बस. सैन्याचं सरसेनापतीपदसुद्धा मंडळाकडे मिळून होतं, एकट्याकडे नाही. कर्जाचं आणि महागाईचं म्हणाल तर ते काम पंतप्रधानाचं, आणि तिथे माणसं दरवर्षी बदलत नव्हती. मिल्का प्लानिंत्स १९८२ ते ८६ चार वर्षं होत्या, युरोपातल्या समाजवादी देशातली पहिली बाई पंतप्रधान, आणि त्यांनी वाईटपणा भरपूर घेतला हो, पेट्रोलला कुपनं लावली, गाड्या सम-विषम नंबरनं चालवायला लावल्या, लोकांना कॉफी मिळेना. म्हणजे कठोर निर्णय होत होते. ते पुरले नाहीत हा वेगळा विषय.

आणि दरवर्षी अध्यक्ष बदलला की देश फुटतो असं असेल तर स्वित्झर्लंड कधीच फुटायला हवा होता. तिथे सात जणांचं मंडळ आहे आणि अध्यक्षपद दरवर्षीच फिरतं.

खडूफळा
स्वित्झर्लंडचं उदाहरण मला पटत नाही. तिथले सात जण संसद निवडते आणि ते देशाचे मंत्री म्हणून बसतात, आपापल्या कँटनचे (म्हणजे प्रांताचे) वकील म्हणून नाही. युगोस्लाव्हियात प्रत्येक जण आपल्या प्रजासत्ताकानं पाठवलेला, उत्तर द्यायचं ते घरी. मग त्या टेबलाभोवती युगोस्लाव्हियाचा माणूस कोण होता? हाच तर माझा प्रश्न आहे.

पिंपळपान
दोघंही टिटोंना सोडून बोलताय याचं मला नवल वाटतंय. ही पद्धत आली कुठून? १९७१ च्या दुरुस्तीत अध्यक्षमंडळ पहिल्यांदा आलं तेव्हा त्यात २३ जण होते, १९७४ च्या घटनेत ते नऊवर आणलं, आणि त्याच घटनेत टिटोंना मुदतीशिवाय अध्यक्ष ठेवलं. म्हणजे इतर सगळ्यांना एक वर्ष आणि स्वतःला मरेपर्यंत! १९५३ पासून १९८० पर्यंत एकच माणूस. त्यांच्याआधी इव्हान रिबार होते राष्ट्रप्रमुख, १९४५ ते ५३, पण पंतप्रधान टिटो होते, तेव्हा खरा हात कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. (रिबारांबद्दल वाचाच कुणीतरी, दोन मुलगे, दोन्ही १९४३ मध्ये युद्धात गेले, आणि तो माणूस त्यानंतर देशाचं संविधान बनवायला बसला. मला ते वाचून झोप लागली नव्हती.)

मूळ घात १९७१-७२ ला झाला. क्रोएशियात लोक जास्त हक्क मागत होते तर टिटोंनी तिथलं नेतृत्व पदावरून हटवलं, आणि पुढच्याच वर्षी सर्बियातले मार्को निकेझिच आणि लाटिन्का पेरोविच, जे उदारमतवादी होते, समजूतदार होते, त्यांनाही घरी बसवलं. चाळिशी-पन्नाशीतली अख्खी पिढी कापली. मग टिटो गेल्यावर उरले कोण, तर होयबा आणि थकलेले म्हातारे. अशा माणसांना एक वर्ष द्या नाहीतर दहा वर्षं द्या, फरक काय पडणार होता? १९८० नंतर पोस्टरवर काय तर टिटोनंतरही टिटोच. मेलेल्या माणसाच्या नावानं देश चालवत होते हो.

रात्रपाळी
मी सहा वर्षं व्हिएन्नात आहे, माझ्या शिफ्टला सराजेवोची एक बाई आहे, तिची आई पण इथेच राहते. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातला वाटत नाही. टिटो गेले त्या दिवशी स्प्लिटमध्ये हायदुक आणि रेड स्टारची फुटबॉल मॅच चालू होती, मध्येच थांबवून सांगितलं, मैदानावरचे खेळाडू रडले, स्टेडियम गाणं म्हणायला लागलं, आणि हायदुक क्रोएशियातला क्लब, रेड स्टार बेलग्रेडचा, म्हणजे सर्बियातला, हे लक्षात घ्या. त्या आई अजून तो दिवस सांगताना थांबतात.

त्यांना मी एकदा विचारलं होतं की नंतरचे अध्यक्ष आठवतात का. म्हणाल्या नाही आठवत बाबा, पण त्या दहा वर्षांत आमच्यावर कुणी गोळी झाडली नाही. १९८४ ला सराजेवोत हिवाळी ऑलिम्पिक झालं, ते ज्यांनी उघडलं ते मिका श्पिल्याक, क्रोएशियाच्या पाळीचे अध्यक्ष. बोस्नियातलं शहर, क्रोएशियाचा अध्यक्ष, पूर्ण देशाचा उत्सव. १९८६ ला सिनान हसानी अध्यक्ष झाले, कोसोवोचे अल्बेनियन, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. एका माणसाची निवडणूक असती तर अल्बेनियन माणूस बेलग्रेडमध्ये राष्ट्रप्रमुख म्हणून बसला असता का कधी? लहान माणसाला माहीत होतं की आपली पण पाळी येणार. याची किंमत खडूफळा तुम्ही फार कमी लावताय असं मला वाटतं.

खडूफळा
हसानींचा मुद्दा मनाला लागला, मान्य. पण मग एवढं चांगलं होतं तर १९९१ ला काय झालं ते पण सांगा ना कुणीतरी. १५ मे १९९१, क्रोएशियाच्या स्टिपे मेसिचची पाळी, आजवर ज्याची पाळी तो बसायचा, आणि त्या दिवशी पाच मतं मिळाली नाहीत म्हणून देशाला अध्यक्षच नाही! दीड महिना खुर्ची रिकामी, तोपर्यंत २५ जूनला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, रणगाडे निघाले, आणि मग युरोपियन कम्युनिटीचे मंत्री येऊन मध्ये पडले तेव्हा मेसिच बसले. म्हणजे पद्धत पहिल्याच खऱ्या परीक्षेत नापास झाली की नाही?

दगडी_पूल
नापास झाली नाही, तिला आधीच आतून पोखरलं होतं, आणि हे नीट समजून घ्या कारण सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. सर्बियाचा नेता मिलोशेविचनं १९८९ ला कोसोवो आणि व्हॉइव्होदिनाची स्वायत्तता काढून घेतली. पण मंडळातली त्यांची दोन मतं मात्र रद्द केली नाहीत, ती ठेवून घेतली. माँटेनेग्रोत त्याच सुमारास त्याचीच माणसं आलेली. म्हणजे सर्बिया, माँटेनेग्रो, कोसोवो, व्हॉइव्होदिना, आठातली चार मतं एका माणसाच्या मुठीत, आणि तो माणूस स्वतः मंडळात नव्हताच! मार्च १९९१ मध्ये कोसोवोच्या सदस्यानं, सापुंजियूनं, शेवटी मिलोशेविचचं ऐकलं नाही तर सर्बियाच्या असेंब्लीनं त्यालाच काढून टाकलं आणि दुसरा बसवला. सांगा, यात पाळीपद्धतीचा काय दोष? पाळी ठरवताना आठ स्वतंत्र घरं गृहीत धरली होती, प्रत्यक्षात चार घरांच्या किल्ल्या एकाकडे गेल्या.

पिंपळपान
हे बरोबर आहे पण अर्धंच. टिटोंच्या घटनेत मंडळ नऊ जणांचं होतं, आठ घटकांचे आठ आणि नववा कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख. १९८८ च्या दुरुस्तीत तो नववा काढला. आठ म्हणजे सम संख्या, चार विरुद्ध चार झालं की गाडं अडलंच. ही चूक कुणी केली, का केली, याचा विचार व्हायला हवा.

दगडी_पूल
नववा असता तरी काय झालं असतं? जानेवारी १९९० च्या पक्षाच्या १४ व्या काँग्रेसमधून स्लोव्हेनियाचे लोक उठून गेले, पाठोपाठ क्रोएशियाचे, आणि पक्षच संपला. नववी खुर्ची असती तर रिकामी असती.

खडूफळा
रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. थोडं बदलतो माझं मत, पूर्ण नाही. खुर्ची फिरती होती म्हणून देश फुटला हे माझं म्हणणं मी मागे घेतो. १९८९-९० ला स्लोव्हेनियाचे यानेझ द्रनोव्हशेक अध्यक्ष होते, वय चाळिशीच्या आत, आणि त्यांना त्यांच्या प्रजासत्ताकात लोकांनी मत देऊन निवडलं होतं, वरून नेमलं नव्हतं. त्यांच्याच वर्षात सप्टेंबर १९८९ ला बेलग्रेडला अलिप्ततावादी परिषद झाली. पंतप्रधान आंते मार्कोविचनं दिनार जर्मन मार्कला बांधला, सात दिनारला एक मार्क, आणि महागाई खरंच खाली आली. म्हणजे शेवटच्या दोन वर्षांतसुद्धा वाट होती. हे मला आधी माहीतच नव्हतं.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. आठही सदस्यांना घराकडे बघायला लावलं, देशभरातून मत मागायची सोय एकालाही ठेवली नाही. १९९० ला निवडणुका झाल्या त्या पण प्रत्येक प्रजासत्ताकात वेगळ्या, अख्ख्या देशाची एकही झाली नाही. सगळ्या देशाला उत्तर देणारा एक तरी माणूस हवा होता.

रात्रपाळी
एक माणूस होता पण. मार्च १९९१ मध्येच संरक्षणमंत्री जनरल कादियेविचना देशभर आणीबाणी हवी होती, अध्यक्ष तेव्हा सर्बियाचे योविच, बैठक सैन्याच्या इमारतीत बोलावलेली. पाच मतं लागत होती. सगळ्यांचे डोळे बोस्नियाच्या बोगिच बोगिचेविचवर, कारण ते जातीनं सर्ब, त्यामुळे योविचना वाटलं हा आपलाच. त्यांनी नाही म्हटलं. समोर जनरल बसलेले असताना नाही म्हटलं. तुम्ही म्हणता आठही जण घराकडे बघत होते, त्यांनी तर घर आणि जात दोन्हीच्या पलीकडचं बघितलं, आणि ते ज्या खुर्चीवर बसले होते ती याच पद्धतीनं दिलेली होती.

काल शिफ्ट संपल्यावर त्या आईंकडे गेलो होतो चहाला. हा धागा वाचून दाखवला, जमेल तसा जर्मनमध्ये सांगून. तेरा नावं एकेक करून वाचली, त्या मान हलवत होत्या, हो हो असेल म्हणत होत्या. बोगिचेविचचं नाव त्या तेरात नाही, त्यांची पाळी कधी आलीच नाही. त्यांचं मी काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, आणि आमचा बोगिच? तो नाही का तुमच्या यादीत?