फुकटच्या कॅडची जबाबदारी नेमकी कोणाची?

अंबड_टूलरूम
फ्रीकॅड या फुकटच्या, कोड खुला असलेल्या डिझाइन प्रोग्रॅमवाल्यांचं एक वाक्य डोक्यात जातं: ‘पॅच (दुरुस्तीचा कोड) पाठवा.’ लहान युनिटला पार्ट काढायचा असतो, सी++ शिकायचं नसतं. जुन्या फाइलीत एक माप बदललं की स्केच भलत्याच फेसवर (पृष्ठभागावर) जाऊन बसतं आणि खालचे सगळे फिलेट (कडांच्या गोलाया) एरर दाखवत लाल. दोष वर्षानुवर्षं माहीत होता, दुरुस्ती एका फोर्कमध्ये (त्याच कोडच्या वेगळ्या वाढवलेल्या प्रतीत) तयार होती, तरी मुख्य आवृत्तीत यायला नोव्हेंबर २०२४ चं १.० उजाडावं लागलं. देणग्या घेता ना? मग जबाबदारीही घ्या. फुकट दिलं म्हणजे काहीही खपवायचं का?

सातपूर_डिझाइन
हे वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

स्केच ‘फेस६’ ला चिकटवलं की फाइलीत तेवढंच नाव राहायचं. ट्रीमध्ये (पार्ट घडवण्याच्या पायऱ्यांच्या यादीत) वर एक पॉकेट (खळगा) वाढवला की आकार नव्याने गणला जातो, फेसांना नव्याने नंबर पडतात आणि आधीचा फेस६ आता फेस८ होतो. स्केच बिचारं फेस६ च शोधत राहतं. यावरचा उपाय १.० च्या आधीही सगळ्यांना ठाऊक होता. स्केच एक्सवाय, एक्सझेड किंवा डेटम प्लेनवर (आपण मांडलेल्या काल्पनिक पातळीवर) ठेवा, अंतर ऑफसेटने द्या, मापं स्प्रेडशीटमध्ये लिहा, फिलेट-चॅम्फर अगदी शेवटी घाला.

फोर्कचं म्हणाल तर तो बदल गाभ्यातला आहे. प्रोग्रॅममधल्या पार्ट, पार्टडिझाइन, स्केचर या सगळ्या विभागांना हात लागतो. एका माणसाने लिहिलेला एवढा गठ्ठा न वाचता ओतायचा आणि उद्या तो निघून गेला की निस्तरायचं कोणी? तुकडे करून, तपासून घेतला, म्हणून उशीर झाला.

आणि प्रत्येक लाल फिलेट फ्रीकॅडच्या माथी मारू नका. ५ मिमी जाडीच्या रिबला दोन्ही बाजूंनी २.५ चा फिलेट मागितला की मधला सपाट भाग शून्यावर येतो आणि ओपनकॅस्केड, म्हणजे फ्रीकॅडच्या आतलं आकार गणणारं इंजिन, हात वर करतं. २.४९ द्या, चालेल. फ्रीकॅडच्या एलजीपीएल परवान्यात हमी नाही हे स्वच्छ लिहिलेलं आहे.

अंबड_टूलरूम
परवाना वकिलाला दाखवा, भाऊ. डेटम प्लेन मलाही कळतो, पण ती पळवाट आहे, दुरुस्ती नव्हे. प्रोग्रॅम स्वतःच फेसवर क्लिक करून स्केच काढू देतो, शिकवणीच्या व्हिडिओंतही तेच दाखवतात, आणि तुटलं की म्हणायचं तुम्हीच चुकलात! बग टाकला तर ‘फाइल द्या’. ड्रॉइंग कस्टमरचं, गोपनीयतेच्या करारावर सही झालेली. द्यायची कशी?

द्वारका_लिनक्स
अख्खी फाइल कोणी मागितलीय? कॉपी करा, बिघाडाशी संबंध नसलेली फीचर्स उडवा, मापं बदला, रिकॉम्प्युट (फेरगणना) करा. तरीही तुटतं का? मग तेवढीच जोडा. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधलं स्वतःचं आणि कंपनीचं नाव पुसा, ते फाइलीसोबत जातं. ‘अबाउट’ खिडकीतून आवृत्तीची माहिती कॉपी करून चिकटवा. ‘चालत नाही, अर्जंट’ एवढ्यावर फुकटात काय, पैसे घेऊनही कोणी काही करू शकत नाही.

आणि मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) मागे लागून काय होतं ते एक्सझेड या लिनक्सवरच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसलं. मेंटेनर एकटा, थकलेला. २०२२ मध्ये काही खाती ‘पॅच कधी घेणार, दुसरा माणूस नेमा’ म्हणत मागे लागली. ज्याच्या हाती पुढे चाव्या गेल्या, त्यानेच २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार बसवलं. एसएसएच (दूरच्या मशीनवरच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून एका इंजिनिअरने खोदलं, तेव्हा सापडलं.

गंगापूर_रोड
इथे जबाबदारीवर बोलणाऱ्यांनी आधी सांगा, शॉपमधल्या विकतच्या कॅडचं बिल आहे का? क्रॅकवर (चोरीच्या प्रतीवर) चालवताना हमी कोणाकडे मागता?

अंबड_टूलरूम
विषय काय, तुम्ही बोलताय काय! पुरावा नसताना आरोप करू नका.

गंगापूर_रोड
नाव कोणाचं घेतलं? टोपी ज्याची त्याने घालावी. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब वाचा. माहीत असून चोरीची प्रत वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तरच कोर्ट कैद माफ करू शकतं. जॉबवर्क हा धंदाच.

पाथर्डी_फाटा
कायदा पाठ आहे, पण लोक क्रॅककडे का वळतात ते बघा ना. कस्टमर नेटिव्ह फाइलच (त्याच्या पॅकेजची मूळ फाइल) मागतो. शिवाय कॉलेजात पोरांना एकच विकतचं पॅकेज शिकवतात, तेही स्टुडंट लायसन्सवर. काही पॅकेजांत स्टुडंट आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल व्यावसायिक प्रतीत उघडली की तसा शिक्का दिसतो. पोरगा घरून फाइल घेऊन येतो आणि मालकाला घाम फुटतो.

सातपूर_डिझाइन
नेटिव्ह फाइल डिझाइन बदलणाऱ्याला लागते. टूलरूमला स्टेप एपी२१४ (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी फाइल) आणि टॉलरन्ससकट पीडीएफ ड्रॉइंग पुरे. स्टेपमध्ये ट्री जात नाही, हे तर बरंच. बाहेरच्या माणसाला तुमचा ट्री कशाला दाखवायचा? ऑर्डर घेतानाच लिहून घ्या.

पाथर्डी_फाटा
लिहून घ्या म्हणे! तुमचा कस्टमर ऐकतो वाटतं. ९० दिवसांनी पैसे देणाऱ्याला अटी घालायला सांगताय.

अंबड_टूलरूम
बरं, डेटम प्लेन, शेवटी फिलेट, २.४९. स्तोत्र पाठ झालं. फाइल छाटून द्यायची युक्ती कामाची आहे, एवढं मान्य. पण फ्रीकॅड ०.१९ च्या जुन्या फाइलींचं काय? त्या फेकायच्या?

द्वारका_लिनक्स
मूळ फाइल बाजूला ठेवून कॉपी १.० मध्ये उघडा. काहीही न बदलता आधी पूर्ण रिकॉम्प्युट करा. फीचर्सना नवी नावं तेव्हाच मिळतात. लाल दिसेल ते वरून खाली सुधारा, मगच माप बदला. एकदा १.० मध्ये सेव्ह केली की ती जुन्या आवृत्तीत धड उघडेल ही आशा सोडा. गडबड झालीच तर शेजारच्या एफसीबॅक फाइलीचं (आपोआप ठेवलेल्या आधीच्या प्रतीचं) एक्स्टेन्शन एफसीस्टड, म्हणजे फ्रीकॅडचं नेहमीचं, करा.

अंबड_टूलरूम
एवढं सगळं आम्हीच करायचं म्हणे! असो. मशीनवर फॅनकचा कंट्रोल आहे. जी-कोड (मशीनला द्यायच्या हुकमांची फाइल) काढताना कोणता पोस्ट, म्हणजे कंट्रोलच्या बोलीत रूपांतर करणारा भाग, लावू?

सातपूर_डिझाइन
फॅनकचाच. लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोलचा लावाल तर वर टक्क्याची खूण आणि ओ-नंबर (प्रोग्रॅमचा क्रमांक) येणार नाही, कंट्रोल प्रोग्रॅम घेणार नाही. हाताने काही ओळी घालणार असाल तर दशांशाचा पॉइंट विसरू नका. कॅल्क्युलेटर पद्धत (नुसता आकडा मिमी धरणारी) बंद असलेल्या फॅनकवर नुसतं एक्स१० म्हणजे ०.०१ मिमी. पहिला रन झेड ५० मिमी वर उचलून, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवत).